लोहाचं ओझं पेशीत कसं शिरतं?

मागच्या बैठकीत बचतीचा हिशोब राहिला बाजूला आणि बोलणं निघालं लोहाच्या गोळ्यांचं. आमच्यातल्या एकीचं हिमोग्लोबिन आठ. पंधरा दिवस गोळ्या घेतल्या आणि दिल्या सोडून. म्हणाली, "रोज गोळी गिळते, मग अंगात ताकद का येत नाही?" आम्हा कुणालाच उत्तर देता येईना. म्हणून आम्ही वाचलं, विचारलं, ते आज सांगतो.

आतड्यातून रक्तात आलेलं लोह मोकळं फिरत नाही. ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन ते वाहून नेतं, एका खेपेला फक्त दोन कण. हाडांतल्या मज्जेत नव्या तांबड्या पेशी तयार होत असतात, तिथे सगळ्यात जास्त लोह लागतं. पण पेशीभोवती पेशीपटल असतं. चरबीचा दुपदरी, सायीसारखा हलता पडदा. एवढं ओझं आत घ्यायला त्याला दार नाही. मग पेशी काय करते? पडदाच वाकवून त्याची पिशवी करते!

पडद्याच्या बाहेरच्या अंगाला खुंट्या असतात, ट्रान्सफेरिन तिथे अडकतं. आतल्या बाजूला क्लॅथ्रिन नावाचं प्रथिन येतं. त्याला तीन वाकडे पाय. पायात पाय गुंतवून ही प्रथिनं बुरडाच्या टोपलीसारखी जाळी विणतात. जाळी गोल होते तसा तिला धरलेला पडदाही आत खोलगट होतो. मदतीला आणखी प्रथिनं असतात. काही पडद्याच्या एका पदरात पाचरीसारखी घुसतात, तो पदर पसरतो आणि पडदा वाकतो. काही मुळातच केळ्यासारखी बाकदार.

शेवटी गळा उरतो. डायनामिन हे प्रथिन त्याला पोत्याच्या तोंडाला सुतळी गुंडाळावी तसे वेढे घालतं, आवळतं आणि पिशवी तुटून आत जाते. ज्या माश्यांचं डायनामिन बिघडलेलं असतं त्या ऊब वाढली की लुळ्या पडतात, गारव्यात पुन्हा उडतात. कारण मज्जातंतूंनाही अशाच पिशव्या लागतात.

आत गेल्यावर टोपली सुटते, तिचे पाय पुन्हा वापरले जातात. पिशवीत आंबटपणा वाढतो, लोह सुटतं. रिकामं ट्रान्सफेरिन परत रक्तात, पुढच्या खेपेला. हे क्लॅथ्रिन 1970च्या दशकात केंब्रिजमध्ये बार्बरा पिअर्स या बाईंनी डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं, हे वाचून आम्हाला फार बरं वाटलं.

आता हिशोब बघा. एका तांबड्या पेशीत लोहाचे शंभर कोटींहून जास्त कण लागतात, आणि शरीर दर सेकंदाला सुमारे 20 लाख अशा पेशी बनवतं. पंधरा दिवसांत हा खड्डा कसा भरणार? हिमोग्लोबिन भरल्यावरही साठ्यासाठी साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. पोटात फार मळमळलं तर गोळी आपणहून बंद न करता ताईंना किंवा डॉक्टरांना विचारायचं.

आमच्या मैत्रिणीने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. फक्त चहाचं काय, म्हणून अडून बसली होती. चहाने लोह आतड्यातच अडतं, म्हणून गोळीच्या आधी-नंतर तास-दोन तास चहा नको. लिंबूपाणी चालेल.