पुंगळीचा मेकओव्हर!

आजोबांची जुनी पँट कपाटातून काढायची, नाक्यावरच्या टेलरकडून कंबर आत घ्यायची आणि वीकेंडला 'व्हिंटेज' म्हणून मिरवायची... केलंय ना कधीतरी? परदेशातले काही हौशी नेमबाज नेमकं हेच करतात. फक्त त्यांच्या हातात पँटऐवजी असते झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी. एका कॅलिबरची पुंगळी साच्यातून काढायची आणि दुसऱ्या कॅलिबरसाठी तयार करायची. एकदम हटके! आणि या मेकओव्हरचे धागे आपल्या इतिहासात, अगदी सेंट्रल लाइनवरही सापडतात.

फंडा काय आहे?

काडतुसात चार गोष्टी असतात : गोळी, दारू, ठिणगी देणारी टोपी आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पुंगळी. बार उडाला की धड उरते ती फक्त पुंगळी. ती 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्ताच्या पितळेची असते. हे पितळ मऊ, न फाटता ताणलं जाणारं. मुलुंड-घाटकोपरकरांनो, लोकल पकडून अंबरनाथला गेलात की तिथली आयुध निर्माणी लागते. अशा पुंगळ्यांसाठी पितळी वाट्या तिथेही बनतात. वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब केली की पुंगळी!

टेलरचाच नियम इथेही. पुंगळीची मान आवळता येते, थोडी सैल करता येते, लांबी छाटता येते. पण नसलेलं कापड जोडता येत नाही आणि बूड सहसा बदलत नाही. म्हणून 'घराणं' जुळावं लागतं. 1952 सालच्या .308 विंचेस्टरची मान आवळून 1955 मध्ये .243 विंचेस्टर आलं, ते असंच.

बंदीतून आलेली फॅशन

ब्रिटिशांची मार्टिनी-हेन्री रायफल .577/450 काडतूस वापरायची. म्हणजे .577 च्या पुंगळीची मान .450 पर्यंत आवळलेली. पुढे हीच काडतुसं बंडखोरांच्या हाती लागतील या धास्तीने सरकारने भारतात .450 कॅलिबरवर बंदी घातली. पण वाघ-हत्तींच्या शिकारीला निघालेल्या साहेबांचं काय? लंडनचे बंदूकवाले कामाला लागले. 1907 मध्ये हॉलंड अँड हॉलंडने आणलं .500/465. नावातच अख्खा बायोडेटा!

तडकलेलं पितळ

ब्रिटिश फौजेला भारतात आणखी एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात तबेल्यात साठवलेल्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या. हात लावलेला नसतानाही! 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उत्तर शोधलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ फुटतं. उपाय सोपा : घडवून झाल्यावर बेताची आच देऊन ताण उतरवायचा आणि माल तबेल्यापासून लांब ठेवायचा. मेकओव्हर केलेल्या पुंगळीलाही मानेपाशी शेक लागतो, तो याच ताणापायी. नाहीतर ती बार उडताना तोंडाशीच फाटायची भीती.

जिथे टेलरही हरतो

.303 ची गोष्ट वेगळी. तिच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, 7.62 ला नसते. त्यामुळे 1962 च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्याने पुंगळी नाही, रायफलच बदलली. जुन्या ली-एनफील्डच्या धर्तीवर 7.62 ची नवी रायफल बनवली. पोलिसांकडे मात्र .303 राहिलीच. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवर एके-47 समोर हीच जुनी रायफल घेऊन आपले जवान उभे होते. लोकलने रोज तिथे उतरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. व्हिंटेज कपाटात शोभतं, ड्युटीवर नाही.

घरी ट्राय करू? नको, बॉस!

शस्त्र कायदा, 1959 नुसार दारूगोळा बनवायला लायसन्स लागतं. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. म्हणून ट्रेकमध्ये सापडलेली पुंगळी की-चेनला लावून सहार विमानतळावर जाऊ नका. फ्लाइट चुकेल आणि चौकशी मागे लागेल ती वेगळीच.

नेमबाजीची हौस असेल तर रायफल क्लब गाठा. सुरुवात एअर रायफलने होते, तिला पुंगळीच नसते! कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचं ब्राँझ जिंकलं, ते .22 रायफलवर. त्या पुंगळीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. एकदा ठोका बसला की ती पुन्हा वापरता येत नाही. थेट भंगारात.

तरी वाईट वाटून घेऊ नका. पितळच ते. भंगारवाल्याकडून वितळून कधीतरी समई होऊन तुमच्याच देव्हाऱ्यात येईल. याहून भारी मेकओव्हर कोणता?