हाताचा रोलर कसा निवडावा?

मेजावर सनमायका चिकटविताना पुष्कळ लोक रुंद रोलर पसंत करितात. कारण त्याने काम लवकर उरकते. परंतु विद्यार्थिमित्रहो, हाताचे बळ तेवढेच असता 6 इंची रोलरखाली प्रत्येक इंचास 3 इंची रोलरच्या निम्माच भार मिळतो. सायकलच्या पंक्चरप्रमाणे येथेही रबरी सोल्यूशन दोन्ही बाजूंस लावून सुकू देतात. पुढे त्याची पकड वेळेपेक्षा दाबावर अवलंबून असते. दाब उणा पडला, तर कालांतराने सनमायका उचलते व पालकांचा पैसा व्यर्थ जातो. यास्तव अरुंद, टणक रबराचा रोलर घ्यावा. तो मध्यापासून कडांकडे फिरवावा, म्हणजे कोंडलेली हवा निघून जाते. मात्र फळीबाहेर आलेली कड दाबू नये, ती तडकते. खामगाव-मलकापूरकडील उन्हाळ्यात सोल्यूशन त्वरित सुकते. म्हणून रोलर आधीच हाताशी ठेवावा.