क्रूझवर साथीचा आजार: यंत्रे काय करतात, तुम्ही काय करायचे?

परभणीहून रेल्वेने मुंबई आणि तिथून क्रूझने गोवा, असा बेत तुमच्या घरीही ठरला असेल. सोबत आई-वडील असतील, कोणाला मधुमेह, कोणाला दमा. अशा वेळी एक प्रश्न मनात येतोच, "जहाजावर साथ आली तर?"

ही शंका रास्त आहे. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया क्रूझवर एका कर्मचाऱ्याला कोविड झाल्याचे आढळले. त्यानंतर सुमारे २,००० जणांची तपासणी झाली. त्यात ६६ जण बाधित निघाले आणि जहाज मुंबईला परतले. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावर ३,७११ पैकी ७१२ जणांना लागण झाली होती. त्या जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यातले १३२ कर्मचारी होते.

जहाजावर साथ लवकर का पसरते?

कारण लग्नघरासारखेच. सगळ्यांचे जेवण एका ठिकाणचे, पाणी एका टाकीचे, जिन्याचे कठडे आणि वाढायचे चमचे सगळ्यांच्या हाताखालचे. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस अगदी थोड्या प्रमाणात पोटात गेला तरी पुरतो. लागण झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो.

तंत्रज्ञानाची मदत कुठे होते?

- पाणी: पिण्याच्या पाण्यात क्लोरीन पुरेसे आहे का, हे यंत्र सतत मोजते आणि नोंदवते.
- हवा: हेपा फिल्टर हवेतले अतिसूक्ष्म कण अडवतात.
- तपासणी: आरटी-पीसीआर यंत्र जहाजावर असेल तर नमुना किनाऱ्यावर पाठवून वाट पाहावी लागत नाही. सांडपाण्याच्या तपासणीतूनही विषाणूचा माग लागू शकतो.
- संपर्क शोधणे: केबिनचे कार्ड, मनगटी पट्टा आणि सीसीटीव्ही यांवरून रुग्ण कोणाजवळ होता, हे शोधता येते.
- नोंदी: जहाजावरच्या दवाखान्यात जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद होते. अमेरिकेच्या जहाज-स्वच्छता कार्यक्रमात ३ टक्के किंवा अधिक प्रवाशांनी अथवा कर्मचाऱ्यांनी असा त्रास सांगितला, तर त्या साथीची माहिती जाहीर केली जाते.

यंत्राला न कळणारी गोष्ट

या नोंदी तुम्ही सांगितले तरच होतात. "केबिनमध्ये बसवून ठेवतील, पैसे वाया जातील" या भीतीने जुलाब लपवून जेवायला गेलेला एक माणूस कितीतरी जणांना आजारी पाडू शकतो. त्यात एखादे लहान मूल किंवा किडनीचा रुग्ण असेल, तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

तुम्ही काय करायचे?

१. निघण्यापूर्वी ताप किंवा जुलाब असतील तर प्रवास पुढे ढकला. फ्लू आणि कोविडच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.

२. नेहमीची औषधे चार दिवस जास्तीची घ्या. जलसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे सोबत ठेवा.

३. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

४. त्रास होताच फोनवरून जहाजाच्या डॉक्टरांना कळवा आणि केबिनमध्येच थांबा. उलट्या-जुलाब थांबल्यावरही किमान ४८ तास इतरांत मिसळू नका आणि कोणाच्या जेवणाला हात लावू नका.

५. लघवी कमी होणे, ग्लानी, शौचातून रक्त, पाणीही पोटात न टिकणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर तातडीने उपचार घ्या.

घरी परतल्यावर

दोन आठवड्यांत ताप, खोकला किंवा जुलाब झाले, तर जिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांना "आम्ही क्रूझवर होतो" हे आधी सांगा. जहाजावरच्या गरम पाण्याच्या कुंडातून, शॉवरच्या तुषारांतून लिजिओनेला नावाच्या जिवाणूमुळे न्यूमोनिया क्वचित होतो. प्रवासाची माहिती मिळाली, तर डॉक्टर त्याचीही तपासणी करू शकतात.

प्रवास जरूर करा, आई-वडिलांनाही समुद्र दाखवा. फक्त आजारपण लपवू नका.

*ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या आजारानुसार डॉक्टरांचा सल्ला घ्या.*