समुद्र, सुट्टी आणि दीड वर्षाचा बॉस!

गेल्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या एका हॉटेलात रात्री दोन वाजता मी, नवरोबा आणि आमचे दीड वर्षाचे चिरंजीव चिकू, तिघंही रडकुंडीला आलो होतो. चिकूला ताप होता. खालच्या बागेत डीजे सुरू होता. दूध गरम करून मागितलं, तर ‘किचन बंद आहे मॅडम’ हे उत्तर मिळालं. वर दिवसाला चार स्पॉट ‘कव्हर’ करायचं माझं टाइमटेबल होतंच! परतीच्या प्रवासात आम्ही दोघं एकमेकांशी जेमतेम चार वाक्यं बोललो. त्यातलं एक होतं, ‘आता पाच वर्षं कुठ्ठे जायचं नाही!’

घरी आल्यावर गडचिरोलीहून आईचा फोन आला. ‘काहून गं, समुद्र पाहिला का लेकरानं? कसा असते?’ आई साठीची आहे. तिचा सगळा जन्म वैनगंगेच्या काठाने गेला, पण समुद्र तिने पाहिलेला नाही. आणि तिचे गुडघे काही पाच वर्षं थांबणार नव्हते...

मग पुन्हा प्लॅनिंगला बसलो. या वेळी मात्र बॉस चिकू!

आधी नकाशा बघा

समुद्र म्हटलं की आपण मराठी माणसं डोळे मिटून पश्चिमेला वळतो. पण गडचिरोलीतून नकाशावर पट्टी ठेवून पाहा. मुंबई सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या पुढे जाते आणि विशाखापट्टणम साडेचारशेच्या आत येतं! सरळ रस्ता जंगल-डोंगरांतून जातो, म्हणून आम्ही रेल्वे निवडली. बल्लारशाहून वरंगल, विजयवाडा, राजमुंद्री असा साधारण आठशे किलोमीटरचा प्रवास आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. दोन लोअर बर्थ मिळाले की अर्धी लढाई जिंकलीच म्हणून समजा. गाडीच्या हेलकाव्यात चिकू असा झोपला, की घरच्या पाळण्याला लाज वाटावी!

ऑफ-सीझनचं गणित

आम्ही जुलै निवडला. तुम्ही म्हणाल, पावसाळ्यात समुद्र? गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. विशाखापट्टणमला त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात जुलैमध्ये सर येते आणि जाते, दिवसभर कोंडून ठेवत नाही. टाळायचे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण ते वादळांचे दिवस. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ याच शहरावर येऊन धडकलं होतं.

आणखी एक फायदा खवय्यांसाठी. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते. म्हणजे जुलैत ताटात ताजा मासा! उकाडा मात्र चिकट असतो, त्यामुळे एसी खोलीवर कंजूषी करू नका. सीझन नसल्याने आम्हाला समुद्राकडच्या खिडकीची खोली बजेटमध्ये मिळाली. बुकिंगच्या आधी मी फोनवर फक्त दोन प्रश्न विचारले. रात्री दूध गरम करून मिळेल का? आणि रात्री गाणीबिणी लागतात का?

दिवसाला एकच ठिकाण

हा आमचा नवा कायदा. सकाळी रामकृष्ण बीच, दुपारी सक्तीची झोप, संध्याकाळी जमलं तर एक ठिकाण. नाही जमलं तर खिडकीतून लाटा!

बीचसमोरच ‘आयएनएस कुरसुरा’ ही खरीखुरी पाणबुडी उभी आहे. १९६९ मध्ये नौदलात आली, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून तिचं संग्रहालय झालं. आतल्या वाटा अरुंद आहेत, त्यामुळे स्ट्रोलर हॉटेलातच ठेवा आणि मूल कडेवर घ्या. कैलासगिरीच्या टेकडीवर रोपवे आहे आणि टॉय ट्रेनही. चिकूच्या मते विशाखापट्टणम म्हणजे ही झुकझुक गाडी, बाकी सगळं फुकट! प्राणिसंग्रहालय आम्ही गाळलं. ताडोबा सोडून वाघ बघायला चंद्रपूरकरांनी आठशे किलोमीटर जायचं?

एक गोष्ट गमतीवारी नेऊ नका. इथल्या पाण्याला ओढ फार आहे आणि पावसाळ्यात तर समुद्र खवळलेलाच असतो. आम्ही पाण्यात उतरलोच नाही. ओली वाळू, एक वाटी आणि चमचा एवढ्यावर चिकूचे दोन-दोन तास जायचे.

खाण्याचं टेन्शन इडली आणि दहीभाताने मिटवलं. बाकी पदार्थ तिखटजाळ असतात. ‘कारं वद्दु’ म्हणजे तिखट नको, हे दोन शब्द पाठ करून जा!

लक्षात ठेवा

* गरम पाण्याचा थर्मास, ओआरएस आणि मुलाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध हँडबॅगेतच हवं.
* कपडे नेहमीच्या दुप्पट न्या. दमट हवेत काही वाळत नाही.
* हॉटेलजवळचं चोवीस तास उघडं असणारं हॉस्पिटल आधीच हेरून ठेवा.
* रोज दोन तास एकाने मूल सांभाळावं, दुसऱ्याने मोकळं फिरावं. भांडणं निम्मी होतात. अनुभव आहे!

आणि आई?

राजमुंद्रीला पहाटे गाडी गोदावरीच्या पुलावर आली, तेव्हा मी आईला हलवून उठवलं. आपली वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, म्हणजे या पाण्यात आपलंही पाणी आहे, असं तिला सांगितलं. पूल संपेपर्यंत ती खिडकीची गजं धरून बसली होती.

बीचवर पहिल्या सकाळी तिने चिकूचं बोट धरलं आणि लाट पावलांपर्यंत येईल एवढ्याच अंतरावर उभी राहिली. पाणी आलं, चिकू किंचाळला, आई त्याच्याहून मोठ्याने हसली. मग म्हणाली, ‘आपली नदी आपल्या आधीच येऊन पोहोचली बाप्पा!’

चार दिवसांत आम्ही जेमतेम चार ठिकाणं पाहिली. परतीच्या गाडीत मात्र मी आणि नवरोबा बल्लारशा येईपर्यंत गप्पा मारत होतो.