फायरवॉलची ओळख, भाग ६ : नियमांचा क्रम
पॅकेट फिल्टर प्रत्येक पॅकेटचे हेडर वाचतो : ते कुठून आले, कुठे निघाले, प्रोटोकॉल कोणता, पोर्ट कोणते. तेवढ्यावरून ते सोडायचे की अडवायचे, हे नियम ठरवतात. एकेक नियम वाचायला सोपा असतो. गोंधळ होतो तो क्रमात.

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा पॅकेट फिल्टर 'पीएफ' या बाबतीत नीट अभ्यासण्यासारखा आहे. तिथल्या आधीच्या फिल्टरच्या, आयपीफिल्टरच्या, परवान्यावरून वाद झाला, २००१ मध्ये आयपीफिल्टर ओपनबीएसडीतून काढला गेला आणि डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेला पीएफ त्याच वर्षी ३.० आवृत्तीत आला. पीएफ नियम वरून खाली वाचत जातो आणि लागू पडणारा शेवटचा नियम पाळतो. लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये याच्या उलट, पॅकेट सोडणारा किंवा टाकून देणारा पहिला नियम लागू पडला की निकाल लागतो. म्हणून 'सगळे अडवा' ही ओळ पीएफमध्ये सर्वांत वर लिहायची आणि मग एकेक सूट द्यायची.

लिनक्सच्या सवयीने तीच ओळ तळाशी लिहिली, तर वरच्या सगळ्या सवलती रद्द होतात. ही चूक लगेच कळत नाही, हेच वाईट. नवी नियमावली चढवली तरी आधीपासून चालू असलेली कनेक्शन्स पीएफच्या स्टेट टेबलात नोंदलेली असतात आणि त्यांची पॅकेट्स नियमांपर्यंत जातच नाहीत. दुरून एसएसएचने काम करणाऱ्याला सगळे सुरळीत दिसते. तो लॉगआउट करतो आणि पुन्हा आत येऊ शकत नाही.

नियमात 'क्विक' हा शब्द घातला की पीएफ तिथेच थांबतो, पुढचे वाचत नाही. पीएफवर आधारलेल्या पीएफसेन्स या फायरवॉलमध्ये इंटरफेसच्या टॅबवर लिहिलेले नियम क्विकच असतात, त्यामुळे तिथे पहिला नियम जिंकतो. क्विकचा वापर मोजकाच बरा. जागोजागी पेरला की क्रमाचा अंदाज बांधणे अवघड होते.

दुसरी अडचण दिशेची. ऑफिसातल्या १९२.१६८.१.० जाळ्यातून बाहेर जाणारे पॅकेट गेटवेवर दोनदा तपासले जाते : आतल्या इंटरफेसवर येताना आणि बाहेरच्यावरून जाताना. दोन्हीकडे परवानगी हवी. उत्तरादाखल परत येणाऱ्या पॅकेट्ससाठी मात्र वेगळा नियम लागत नाही, ४.१ आवृत्तीपासून पीएफ कनेक्शनची नोंद आपोआप ठेवतो.

नियमावली चढवण्याआधी 'पीएफसीटीएल' ही आज्ञा 'एन' पर्यायासह चालवावी. ती फाइल फक्त वाचून व्याकरणाच्या चुका दाखवते. क्रमाची चूक तिला दिसत नाही. ती शोधायला अडवणाऱ्या नियमांत 'लॉग' लिहून पीएफलॉग इंटरफेसवर टीसीपीडंप लावावा. प्रत्येक अडलेल्या पॅकेटपुढे ते कोणत्या क्रमांकाच्या नियमाने अडले, हे तिथे दिसते. नियमांच्या यादीतले आकडेही पाहावेत : एखाद्या नियमाची तपासणी हजारो वेळा झाली, पण त्याखाली एकही पॅकेट नोंदले गेले नसेल, तर त्याच्या खालचा एखादा नियम त्याला झाकतो आहे का, हे आधी तपासावे.