हाली की कलदार?

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव भालचंद्र गणेशाच्या देवस्थानामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या डोंगररांगेत ते वसले आहे. याच वाटेने पुढे गेले की जामखेड लागते आणि तेथून नगर. आज या वाटेने जाणाऱ्याला मध्ये कोठे सरहद्द होती याची शंकाही येत नाही. परंतु १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ती होती. लिंबागणेश मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, तर जामखेड इंग्रजी अमलात. ही सरहद्द ओलांडताना माणसाचा वेष बदलत नसे, भाषा बदलत नसे, देवही तेच राहत. बदलत असे तो कनवटीचा रुपया.

परदेशी जाणे आणि तेथे पैसे बदलून घेणे हा विमानाने प्रवास करणाऱ्या सुखवस्तू लोकांचा व्यवहार आहे, अशी आपली समजूत असते. मराठवाड्यातील शेतकरी मात्र हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या पायी चालत करीत आला. आषाढीला पंढरपूर गाठायचे, तर पंढरपूर इंग्रजी सोलापूर जिल्ह्यात. नगरच्या स्थानकावर आगगाडीचे तिकीट काढायचे, तर तेथे लागणार इंग्रज सरकारचा रुपया. विठ्ठलाच्या दर्शनाला निघालेल्या वारकऱ्याला सरहद्दीवर सराफाचे दर्शन आधी घ्यावे लागे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

निजामाचा रुपया तो हाली, म्हणजे चालू. इंग्रजांचा तो कलदार, म्हणजे कलेने, यंत्राने पाडलेला. पुढे हैदराबादच्या टांकसाळीतही यंत्रे आली, रुपयावर चारमिनार उमटला. पण लोकांच्या तोंडी नावे रूढ झाली ती झालीच. दोन्ही रुपयांचे आणे सोळा आणि दोन्ही आण्यांच्या पै बारा. घोटाळा नेमका येथेच होता. नावे एक, पोटविभाग एक, किंमत मात्र निराळी. ‘एक रुपया’ एवढे बोलून सौदा पुरा होत नसे. ‘हाली की कलदार?’ हा प्रश्न त्यामागोमाग येणारच.

सात हाली म्हणजे सहा कलदार, हे या दोन नाण्यांचे रूढ प्रमाण. सरकारी हिशेबात शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली पडत. हा आकडा लहरीने ठरलेला नव्हता. कलदार रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि त्यात शुद्ध चांदी शेकडा ९१.७, हाली ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात चांदी शेकडा ८२ च्या आतबाहेर. दोहोंतील चांदी ताडून पाहिली की प्रमाण जवळजवळ सहास सातच येते. म्हणजे हुंडणावळीच्या मुळाशी धातू होता. पण गंमत अशी की, १९४० साली इंग्रजांनी आपल्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ साली तर तो निव्वळ निकेलचा झाला, तरी सहा-साताचे प्रमाण हलले नाही. तोवर दोन्हीकडे कागदी नोटा रुळल्या होत्या. हैदराबादेत १९१८ च्या कायद्याने त्या निघाल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही रक्कम छापलेली असे. राज्यकारभारात मराठीला जे स्थान मिळाले नाही, ते तिला नोटेच्या कागदावर मिळाले होते!

कागदावरचे प्रमाण आणि बाजारातले प्रमाण यांत मात्र सराफ उभा होता. नाणे बदलून देण्याबद्दल तो बट्टा कापणार. जाताना एकदा आणि परतताना उरलेले कलदार पुन्हा हाली करताना दुसऱ्यांदा. मोठ्या पेढीवाल्याला याची झळ नसे, कारण त्याचा व्यवहार हुंडीने चाले. झळ होती ती लहान रकमा घेऊन चालणाऱ्यांना. पुण्यास शिकणाऱ्या मुलाला महिना तीस कलदार पाठवायचे, तर बीडकडच्या बापाला पस्तीस हाली काढावे लागत. शिवाय बट्टा निराळा. निजामाच्या नोकरीतील शिक्षक किंवा कारकून पगार हालीत घेई आणि मुलाच्या शिक्षणाचा खर्च कलदारात करी. त्याच्या सात रुपयांतील एक रुपया सरहद्दीवरच विरघळून जात असे, असे त्याला वाटले तर त्यात नवल नाही. हाली रुपयाचे मोलच तेवढे होते हे अर्थशास्त्रदृष्ट्या खरे. पण पगाराच्या दिवशी अर्थशास्त्र कोणाच्या ध्यानात असते? साध्या पत्राचीही तीच तऱ्हा. निजामाच्या टपालाची तिकिटे संस्थानापुरतीच चालत. पुण्याला पत्र घालायचे तर इंग्रजी टपालाचे तिकीट हवे. मालाची आणखी निराळी कथा. १८०२ च्या तहानुसार शेकडा पाचपर्यंत जकात घेण्याचा हक्क निजामाकडे होता आणि त्यासाठी करोडगिरीचे नाके होते.

सराफाच्या बट्ट्याची जागा राजकारणाने घेतली ती १९४७ च्या अखेरीस. नोव्हेंबरात भारताशी जैसे थे करार झाला आणि त्याची शाई वाळते न वाळते तोच हैदराबाद सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात अग्राह्य ठरविले. मौल्यवान धातू बाहेर नेण्यावरही निर्बंध घातले. पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज देण्याचे प्रकरण याच सुमाराचे. दिल्लीने हा कराराचा भंग मानला आणि तो होताच. या घटनांची चर्चा नेहमी वाटाघाटींच्या अंगाने होते. पण चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या मुलखात भारताचाच रुपया बेकायदा ठरला, याचा अर्थ सरहद्दीवरच्या गावात फार साधा होता. जामखेडच्या बाजारात गुरे विकून परतणाऱ्याच्या हातातील दाम घराच्या उंबऱ्यात येताच खोटे ठरत होते. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात रझाकारांच्या अत्याचारांना जे स्थान आहे ते रास्तच आहे. या नाण्यांच्या जाचाला मात्र अद्याप ओळभरही जागा मिळालेली नाही.

पोलीस कारवाई सप्टेंबर १९४८ मध्ये झाली, पण हाली त्या दिवशी संपला नाही. १९५० पासून तो भारतीय रुपयाच्या जोडीने चालला आणि १९५९ मध्ये अखेरचा बाद झाला. एकीकरण आवश्यकच होते. तरी ते फुकट झाले असे मानू नये. एका हाली आण्याची किंमत कलदारात सव्वादहा पैंच्या आसपास. आण्याला मिळणाऱ्या वस्तूचा भाव आता सव्वादहा पै कोण सांगणार? अशा वेळी अपूर्णांक गिऱ्हाइकाच्या पदरी क्वचितच पडतो. त्यातच १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धती आली आणि आणा सव्वासहा नव्या पैशांचा झाला. दहा वर्षांच्या आत बीड जिल्ह्यातील निरक्षर बाईने तीन हिशेब आत्मसात केले. तिच्या या बुद्धीची दखल कोणत्याही अहवालाने घेतलेली दिसत नाही.

बीडहून नगरला आता आगगाडीही जाते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनीच, ती सुरू झाली. तिकिटाला कलदार लागत नाही. पण या भागातून शिकून मुले दुबईला, जर्मनीला जातात आणि तेथे जुना सराफ नव्या रूपात भेटतो. विमानतळावरच्या फलकावर खरेदीचा भाव एक, विक्रीचा दुसरा. मधले अंतर तोच बट्टा. दुकानात कार्ड पुढे केले की यंत्र पुष्कळदा विचारते, रक्कम रुपयांत द्यावयाची की तेथील चलनात? रुपये हा शब्द ओळखीचा म्हणून नवखा प्रवासी तोच निवडतो. तसे केल्यास भाव ठरवितो तो दुकानदाराचा मध्यस्थ, आणि तो बहुधा महागच पडतो. तेथील चलन निवडल्यास हिशेब आपल्या बँकेमार्फत होतो. तिचेही शुल्क असते, पण सहसा कमी. जामखेडच्या वाटेवर हा प्रश्न निदान मराठीत तरी विचारला जात असे.