छावणीतल्या बायका : ‘बाजारबुणगे’ म्हणून मोकळं होण्याआधी

ग्वाल्हेरचं लष्कर हे आज गजबजलेलं शहर आहे, पण नावातच त्याचा उगम सांगितलाय. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथं स्थिरावली आणि तिचंच शहर झालं. आता छावणी म्हटलं की डोळ्यांसमोर घोडेस्वार नि तोफा येतात. प्रत्यक्षात तिथं बायकांची संख्याही मोठी होती आणि त्यांच्यावाचून फौजेचा एक दिवस निभला नसता.

मराठी फौजेत हे पहिल्यापासून नव्हतं. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण कुणी नेऊ नये, नेल्यास कडक शिक्षा, असा शिवाजी महाराजांचा दंडक सभासद बखरीत नोंदलाय. तेव्हा ते जमतही होतं. फौज दसऱ्याला निघायची, पावसाळ्याआधी घरी यायची. पुढे पेशवाईत मोहिमा चंबळेपार गेल्या. वर्ष-दोन वर्षं घर दिसायचं नाही. मग अख्खं घरच मोहिमेवर निघालं.

या बायका करायच्या काय? सरदारांच्या राण्यांबद्दल लिहिलं गेलंय, बाकीच्यांबद्दल फार थोडं. मुक्काम पडला की सरपण, पाणी, जनावरांना गवत, मग जात्यावर दळण. शिपायाला शिजवलेलं अन्न सरकार देत नव्हतं, ज्यानं-त्यानं आपली सोय बघायची. बंजारा (लमाण) तांडे बैलांवर धान्य आणायचे, त्यात बायका-पोरं सगळीच चालायची. बटकी, कुणबिणी मात्र स्वखुशीनं आलेल्या नसायच्या. त्या विकत घेतलेल्या किंवा लुटीत धरलेल्या असत. हे अवघड सत्य आपण सहसा टाळतो.

वरच्या थरात चित्र वेगळं. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले तेव्हा अहिल्याबाई छावणीतच होत्या. पुढे सासऱ्यांनी, म्हणजे मल्हाररावांनी, 1765 मध्ये त्यांना पत्रानं जी कामं सांगितली ती बघा : तोफा नि दारूगोळा घेऊन ग्वाल्हेरकडे जावं, वाटेवर चौक्या बसवाव्यात. आजच्या भाषेत हे रसद-अधिकाऱ्याचं काम. इंदूरकरांना देवघरातल्या अहिल्याबाई जास्त ठाऊक, तोफखाना सांभाळणाऱ्या कमी.

पानिपतच्या वेळी हाच लवाजमा अंगाशी आला. काशी-प्रयागाची तीर्थयात्रा घडेल म्हणून पुष्कळ बायका निघाल्या होत्या. बायका नि जड सामान मागं किल्ल्यात ठेवा, असं सूरजमल जाटानं सुचवल्याचं बखरी सांगतात. ते झालं नाही. वेढ्यात धान्य संपलं तेव्हा लढणाऱ्यांपेक्षा खाणारी तोंडं जास्त होती. 14 जानेवारी 1761 नंतर कित्येक बायका गुलाम म्हणून अफगाणी फौजेबरोबर नेल्या गेल्या. ज्या जाटांच्या मुलखापर्यंत पोचल्या त्यांना सूरजमल आणि राणी किशोरी यांनी आसरा दिला. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई जिवंत परतल्या, पण नवरा गेला हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. पराभवाचं खापर बायकांवर फोडायची सवय जुनी आहे, पण त्यांना पुढे न्यायचा निर्णय त्यांचा नव्हता.

अर्धशतकानंतर, 1809 साली, दौलतरावांच्या छावणीत ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याची पत्रं छापली गेलीत. कागलच्या घाटग्यांची लेक बायजाबाई, म्हणजे दौलतरावांची राणी, तेव्हा छावणीत होती. ती घोड्यावर पटाईत, आणि नवऱ्यामागं 1827 पासून तिनं ग्वाल्हेरचा कारभारही केला.

पण ब्रॉटनच्या पत्रांतली लक्षात राहणारी बाई दुसरीच. ती पुरुषाचा वेश घेऊन शिंद्यांच्या पायदळात शिपाई म्हणून नोकरी करत होती. भाऊ कर्जापायी भोपाळात कैदेत पडला होता, त्याला सोडवायला पैसे साठवत होती. एके दिवशी ती ओळखली गेली. तिला शिक्षा झाली नाही, उलट तिचा मानच राखला गेला.